तांब्याचा एकोणतिसावा इलेक्ट्रॉन

दहावीच्या वर्षी दादाला संध्याकाळनंतर सायकल चालवता येईनाशी झाली. दिवाळीच्या आधी तो दोनदा सायकलसकट पाटात पडला. नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, वाटलं पोरगं तंद्रीत चालवतं. आईला वाटलं रातांधळेपणा आहे, म्हणून तिने गाजरं आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी सुरू केली. मखमलाबादच्या अलीकडे आमचा फुलांचा मळा होता. झेंडू, निशिगंध, थोडी शेवंती. उजाडायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी फुलं तोडायची, नानांनी ती फूलबाजारात न्यायची आणि मग आम्ही दोघांनी शाळेत जायचं, असा रोजचा क्रम होता. त्या थंडीत दादाच्या टोपलीत न उमललेला झेंडू जास्त यायला लागला. नाना रागवायचे. दादा म्हणायचा, अंधार होता ना. पण त्याच अंधारात आम्हा बाकीच्यांना फुलं दिसत होती.

तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. अभ्यासात हुशार होताच, पण एका गोष्टीचं त्याला वेडच होतं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अणूच्या आकृत्या होत्या. मधे केंद्रक, भोवती वर्तुळं आणि वर्तुळांवर ठिपके. पहिल्या कवचात दोन ठिपके, दुसऱ्यात आठ. दादाने त्या आकृत्या वहीच्या मागच्या पानांवर इतक्या वेळा काढल्या होत्या की वही उलटी धरली तरी ती त्याची म्हणून ओळखू यायची. तो मला सांगायचा, जगातल्या प्रत्येक पदार्थाचा स्वभाव शेवटच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत त्यावर ठरतो. जेवताना आईला सांगायचा की या मिठात सोडियमने आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकलाय. आई म्हणायची, "देऊ दे. तू जेव."

दहावीचा निकाल चांगला लागला. त्या सुट्टीत नानांनी त्याला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आई बरोबर होती, आणि मीही गेले होते, कारण येताना भद्रकालीत माझ्यासाठी चपला घ्यायच्या होत्या. डॉक्टरांनी दादाच्या डोळ्यांत थेंब घातले, अर्धा तास बसवून ठेवलं, मग अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तपासलं. बाहेर येऊन त्यांनी आईनानांना विचारलं, तुम्ही दोघं लग्नाआधी नात्यातले का. नाना कौतुकाने म्हणाले, "हो ना. सख्ख्या मामाची पोरगी हाये ही."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग शांतपणे समजावून सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू सुकत चालला आहे. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग वाचायला आणि रंग ओळखायला अवघड जातं, मग बाकीचंही जातं. यावर औषध नाही, ऑपरेशन नाही. किती दिवस आहेत, असं नानांनी विचारलं, तर ते म्हणाले, कुणालाच सांगता येत नाही.

आईने एकच विचारलं. "आमच्या नात्यामुळं झालं का?"

डॉक्टर म्हणाले, तसं होऊ शकतं, पण त्यात तुमचा काही दोष नाही. आईने त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती माहेरी गेली नाही. कुणी विचारलं तर मळ्यातलं काम सांगायची.

निघताना डॉक्टरांनी मलाही त्या खुर्चीवर बसवलं. थेंब घातले, तपासलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, हिचे डोळे चांगले आहेत. मला खूप हलकं वाटलं. लगेच मी दादाकडे बघितलं. तो बाकावर बसून, बाहुल्या मोठ्या झालेल्या डोळ्यांनी माझ्याच दिशेला बघत होता आणि हसत होता. चपला घ्यायच्या राहून गेल्या. कुणाला आठवण झाली नाही आणि मीही करून दिली नाही.

नानांचं म्हणणं होतं की आता त्याने शिकायची दगदग करू नये. दादाने ऐकलं नाही. त्याने अकरावी सायन्सला प्रवेश घेतला आणि कॉलेजात कुणाला काही सांगितलं नाही. उन्हाच्या उजेडात त्याला तेव्हा बऱ्यापैकी दिसायचं. पुस्तक नाकाशी धरलं की अक्षरं लागायची, पण दोनचार ओळींत डोळे थकायचे. फळा तर दिसायचाच नाही. पहिल्या बाकावर बसूनही त्याला खडूचा आवाजच फक्त ऐकू यायचा. गणपतीच्या सुट्टीत एका दुपारी त्याने मला ओट्यावर बोलावलं, केमिस्ट्रीचं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, वाच.

मी आठवीत होते. पुस्तक इंग्रजीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "तुला कळायची गरज नाही. अक्षरं नीट वाच. कळायचं मी बघतो."

त्या दिवसापासून रोज चार ते उजेड जाईपर्यंत मी त्याला वाचून दाखवू लागले. शेजारी आई निशिगंधाचे हार ओवत बसलेली असायची. मी शब्द फोडून फोडून वाचायचे, चुकीचा उच्चार झाला की तो दुरुस्त करायचा, आणि वाक्य संपलं की स्वतःशी मराठीत म्हणून बघायचा. अशी बरीच पानं मी नुसती वाचली. मग अणूच्या रचनेचा धडा आला आणि माझं वाचन तिथे अडलं, कारण त्या धड्यात वाक्यांपेक्षा चौकटी जास्त होत्या.

नववीत त्याने शिकलेली वर्तुळं आता मोडली होती. नवं पुस्तक म्हणत होतं की कवचाच्या आतही भाग असतात, एस, पी, डी, आणि त्या भागांत इलेक्ट्रॉन राहायच्या जागा असतात. त्या जागांना ऑर्बिटल म्हणायचं. एसमध्ये एक जागा, पीमध्ये तीन, डीमध्ये पाच. एका जागेत जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन, तेही एकमेकांच्या उलटे. पुस्तकात प्रत्येक जागेसाठी एक चौकट काढलेली होती आणि इलेक्ट्रॉनसाठी एक बाण, वर टोक केलेला किंवा खाली. मी सांगायचे, इथे चौकट आहे, तिच्यात दोन बाण आहेत, पुढे तीन चौकटी आहेत. दोनचार ओळींनंतर आम्ही दोघंही हरवायचो. तो पुस्तक हिसकावून डोळ्यांशी धरायचा आणि त्या बारीक रेघा त्याला दिसायच्या नाहीत.

उपाय त्यानेच काढला. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरून मी रिकाम्या काडेपेट्या गोळा करून आणल्या. त्यांची आतली खोकी काढली. नानांनी द्राक्षाच्या पेटीची एक फळी कापून तासून दिली, आईने मैद्याची खळ करून दिली. फळीवर सगळ्यांत खाली एक खोकं, ते पहिलं एस. त्याच्या वर दुसऱ्या कवचाचं एक आणि शेजारी तीन. असं करत करत वर तिसऱ्या कवचाच्या डीची पाच. एकूण पंधरा खोकी झाली. इलेक्ट्रॉन म्हणून काडेपेटीच्या काड्या. गुल वर असला तर वरचा बाण, खाली असला तर खालचा. बोटाला गुल लगेच कळायचा. तीस काड्या घेतल्या की हायड्रोजनपासून जस्तापर्यंतची सगळी मूलद्रव्यं त्या फळीवर मांडता यायची.

आता वाचायचं मी आणि मांडायचं त्याने, असं सुरू झालं. मी म्हणायचे, नायट्रोजन, सात. तो खालून काड्या ठेवत यायचा. दोन, मग दोन, मग उरलेल्या तीन. पीच्या तीन खोक्यांत तो एकेक काडी ठेवायचा. मी एकदा विचारलं, पहिल्या खोक्यात दोन ठेवून का नाही टाकत, जागा तर आहे.

"एकमेकांना ढकलतात ते," तो म्हणाला. "सारख्या भाराचे ना. रिकामी जागा असेपर्यंत प्रत्येक जण वेगळा राहतो. जागा संपल्या की मग जोडी करायची."

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या पुस्तकातलं काहीतरी कळलं. ऑक्सिजन आला तेव्हा आठवी काडी कुठे जाणार हे मला त्याच्याआधी माहीत होतं. मी गप्प राहिले. पण माझा हात फळीकडे गेला होता आणि तो त्याच्या हाताला लागला. तो हसला. "ठेव की," म्हणाला. मी काडी उलटी करून, गुल खाली करून ठेवली. त्याने बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली.

क्रोमियमवरून आमचं भांडण झालं. चोवीस इलेक्ट्रॉन. नियमाने चौथ्या कवचाच्या एसमध्ये दोन आणि डीमध्ये चार यायला हवेत. मी वाचलं, एसमध्ये एक, डीमध्ये पाच. तो म्हणाला, नीट वाच. मी पुन्हा तेच वाचलं. तो चिडला. म्हणाला, एवढी चार अक्षरं नीट वाचता येत नाहीत, तुझ्यामुळे माझा सगळा अभ्यास चुकीचा होणार. मी तिसऱ्यांदा एकेक अंक बोटाखाली धरून वाचला आणि मग रडत पुस्तक फेकून मळ्यात निघून गेले. परत आले तेव्हा तो तसाच बसला होता. डीच्या पाच खोक्यांत एकेक काडी ठेवलेली, एसमध्ये एक, आणि त्यावरून त्याची बोटं पुन्हा पुन्हा फिरत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने कॉलेजात केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, बहिणीने बरोबर वाचलंय. पाचही जागा एकेकाने अर्ध्या भरल्या की मांडणी जास्त स्थिर होते, म्हणून एसमधला एक इलेक्ट्रॉन तिकडे जातो. तांब्याचंही असंच आहे. तिथे डी पूर्ण भरायला एक इलेक्ट्रॉन एसमधून येतो. घरी आल्यावर दादाने हे सगळं मला सांगितलं. चूक झाली असं म्हणाला नाही, पण पेरू आणला होता, तो अख्खा मला दिला.

बहीण कोण आणि ती का वाचते, असं सरांनी विचारलं होतं. तेव्हा त्याला सांगावंच लागलं. सरांनी ते कुणाला कळू दिलं नाही, पण तेव्हापासून ते फळ्यावर लिहिताना मोठ्याने बोलायला लागले. आधी मुकाट्याने लिहायची सवय असलेले सर आता प्रत्येक आकडा उच्चारतात म्हणून पोरं मागे हसायची, असं दादा सांगायचा. हे सांगताना त्याचा चेहरा उजळायचा.

बारावीच्या वर्षी त्याची नजर झपाट्याने उतरली. दिवाळीनंतर त्याला छापील अक्षर दिसायचं बंद झालं. रंगही गेले. झेंडू पिवळा की केशरी हे तो मला विचारायचा, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्रावणाचा रंग शेजारच्या मुलाला विचारायचा. तो मुलगा चांगला होता, हळूच सांगायचा. पण बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येकाला एकट्याने उभं राहायचं होतं. बाहेरचे परीक्षक येणार होते.

तिथे काय झालं ते दादाने कधीच सांगितलं नाही. परीक्षेनंतर चार दिवसांनी सर आमच्या घरी आले, ओट्यावर नानांजवळ बसले आणि त्यांनी सांगितलं. मी दाराआड उभी राहून ऐकलं. काचेच्या शंकुपात्रातल्या आम्लात वरून थेंब थेंब अल्कली सोडायची होती. शेवटच्या थेंबाला द्रावण अगदी फिकट गुलाबी होतं आणि तिथे थांबायचं असतं. दादाने थेंबांचा अंदाज मनात बांधला होता, पण त्या दिवशीचं आम्ल वेगळ्या प्रमाणाचं होतं. द्रावण गुलाबी झालं तरी तो थांबला नाही. ते गडद झालं, रंगपंचमीच्या पाण्यासारखं झालं, आजूबाजूची मुलं बघायला लागली. परीक्षकांनी जवळ येऊन विचारलं, रंग कोणता आहे? दादा म्हणाला, अजून रंग आलेला नाही, सर.

एवढं सांगून सर उठले आणि पुन्हा बसले. मग म्हणाले, मी दोन पावलांवर उभा होतो आणि मला काही बोलता येत नव्हतं. नानांनी त्यांना पाणी दिलं. आईने जाताना शेवंतीची पुडी बांधून दिली.

लेखी परीक्षेला लेखनिक घ्यायची परवानगी सरांनीच खटपट करून मिळवली. लेखनिक खालच्या वर्गातला हवा, असा नियम होता. मी नववीत होते, म्हणून मीच बसायचं ठरलं. माझ्या मुख्याध्यापकांचं पत्र घेतलं. आम्हाला एका वेगळ्या खोलीत बसवलं आणि एक पर्यवेक्षक बाई समोर बसल्या. त्यांनी आधीच बजावलं होतं की तो सांगेल तेवढंच लिहायचं, एक अक्षर इकडे तिकडे नाही, आणि प्रश्न वाचण्याखेरीज बोलायचं नाही. मी मान डोलावली होती.

केमिस्ट्रीच्या पेपराला दादा थकलेला होता. आदल्या दिवसापासून त्याने धड खाल्लं नव्हतं. तरी तो न अडखळता सांगत होता आणि मी लिहीत होते. दुसऱ्या तासात एक छोटा प्रश्न आला. तांब्याच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी लिहा. अणुक्रमांक एकोणतीस. तो खालून सांगत आला. चौथा एस, दोन. तिसरा डी, नऊ.

माझं पेन थांबलं. मला माहीत होतं की ते दहा आहे. एसमध्ये एक आणि डीमध्ये दहा. ओट्यावर ती पंधरा खोकी आम्ही शंभर वेळा भरली होती.

"नऊ?" मी हळूच विचारलं.

बाई म्हणाल्या, लेखनिकाने बोलायचं नाही, पुन्हा असं झालं तर मला लिहून कळवावं लागेल. दादाला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्याने स्पष्ट आवाजात सांगितलं, "हो, नऊ. पुढचा प्रश्न वाच."

मी नऊ लिहिलं.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते इतकी वर्षं मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. भीती होती. नियम मोडायचा नाही हेही होतं. पण त्या सगळ्याच्या आधी, पेन थांबलं तेव्हा, मला आनंद झाला होता. त्याला येत नाही आणि मला येतं, याचा. मी नववीतली मुलगी, माझ्या दप्तरात एकही इंग्रजी विज्ञानाचं पुस्तक नव्हतं, आणि बारावीच्या पेपरातलं उत्तर मला माहीत होतं. तो आनंद एका श्वासाएवढाच टिकला असेल. मग मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला आणि पेपर संपेपर्यंत मान वर केली नाही.

परतताना निमाणीला बसची वाट बघत आम्ही उभे होतो. तो एकदम म्हणाला, "तांब्याला मी काय सांगितलं?"

"नऊ."

"आणि तू काय लिहिलंस?"

"नऊ."

त्याने खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग म्हणाला, "बरोबर केलंस. पेपर माझा होता."

बस आली. मी त्याचा हात धरून त्याला चढवलं आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

तो पास झाला. लेखीत चांगले गुण होते, प्रात्यक्षिकात जेमतेम. बी.एस्सी.ला केमिस्ट्री घ्यायची म्हणून तो नानांबरोबर दोन कॉलेजांत गेला. दोन्हीकडे सांगितलं की प्रयोगशाळेत आम्लं असतात, आग असते, काही झालं तर जबाबदारी कोणाची. आर्ट्सला आनंदाने घेऊ. सरही एकदा जाऊन भेटून आले. उपयोग झाला नाही. एके ठिकाणी नाना म्हणाले, "सायेब, त्याला सगळं तोंडपाठ हाये. तुम्ही इचारून तर बघा." त्या माणसाने विचारलं नाही. नाना हे घरी कधी बोलले नाहीत. मला हे दादाने सांगितलं, आणि सांगताना त्याला स्वतःपेक्षा नानांचं जास्त वाईट वाटत होतं.

ते वर्ष तो घरात बसून होता. आर्ट्स नको म्हणाला. फळी आणि पुस्तकं त्याने माझ्या खोलीत आणून ठेवली. एकदा मी ओट्यावर फळी मांडली आणि त्याला हाक मारली. तो आला नाही. म्हणाला, ऊन लागतं तिथे.

पुढच्या वर्षी अंध मुलांना टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेची माहिती कुणीतरी आणली. ती दुसऱ्या शहरात होती. तो गेला. मी त्याच वर्षी दहावी झाले आणि सायन्सला प्रवेश घेतला. मी काय घ्यावं हे मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ते आधीच ठरल्यासारखं वाटत होतं. पुस्तकं त्याचीच होती. अकरावीच्या वर्गात अणूच्या रचनेचा धडा सुरू झाला तेव्हा सगळी मुलं गोंधळलेली आणि मला तो जवळजवळ पाठ होता. शिकवायला तेच सर होते. त्यांनी माझं आडनाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढचं नाव घेतलं.

दिवाळीला दादा घरी आला. मला एका ठिकाणी अडलं होतं. खरं सांगायचं तर फारसं अडलंही नव्हतं. मला त्याच्याशी त्यावर बोलायचं होतं. मी पुस्तक घेऊन त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं.

"पुस्तकात बघ ना," तो म्हणाला. "तुला दिसतंय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. मी पुस्तक मिटलं. त्यानंतर केमिस्ट्रीचा एक शब्द मी त्याच्यासमोर काढला नाही आणि त्यानेही विचारलं नाही. मी बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, नोकरी लागली. निकाल सांगितला की तो "वा" म्हणायचा आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायचा.

त्याला अंबडच्या एका कारखान्यात ऑपरेटरची नोकरी लागली. काही वर्षं ती चांगली चालली. कारखान्यातल्या सगळ्यांचे आवाज त्याला पाठ होते. कोण कुणाशी भांडलंय, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे त्याला आवाजावरून कळायचं, असं तो आईला सांगायचा. मग मोबाइल आले, आणि कारखान्यात एक यंत्र बसवलं, जे स्वतःच सांगायचं की अमक्या विभागासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन. दादाला दुसरं काम देता येईल का यावर काही महिने बोलणं चाललं. मग तो घरी आला. नाना तेव्हा हयात नव्हते. मळ्याचा पुढचा भाग प्लॉट पाडून गेला होता, मागे थोडा निशिगंध होता. दादा आईबरोबर हार ओवायला बसू लागला.

मी तेव्हा चांदवडला अकरावी-बारावीला शिकवत होते. दर वर्षी पावसाळ्यात तो धडा यायचा. फळ्यावर लिहिताना मी मोठ्याने बोलायचे आणि मागे पोरं हसायची. तांब्याशी आले की माझा खडू थोडा थांबायचा. मुलांना वाटायचं मॅडम मुद्दाम थांबतात, अपवाद लक्षात राहावा म्हणून.

एका रविवारी मी घरी गेले होते. फेब्रुवारीतली सकाळ होती. दादा अंगणात खाटेवर बसून गजरे ओवत होता, आई आत चहा करत होती. मी त्याच्याजवळ बसले आणि फार विचार न करता बोलून टाकलं. त्या पेपरातलं तांब्याचं उत्तर, माझं थांबणं, आणि त्या क्षणी मला झालेला आनंद. शेवटचं सांगताना मला त्याच्याकडे बघवलं नाही.

तो ओवत राहिला. दोरा ओढून गाठ मारली. "मला तो प्रश्नच आठवत नाही," म्हणाला.

"बसस्टॉपवर तू मला विचारलं होतंस."

"असेल." मग थोड्या वेळाने, "लहान होतीस. आनंद व्हायचाच." आणि नंतर असंच, जाता जाता विचारावं तसं, "किती असतात गं तांब्यात?"

"एकोणतीस."

"हां," तो म्हणाला.

तो खरंच विसरला होता का मला त्यातून सोडवत होता, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. शेजारच्या प्लॉटवर कुणीतरी बांधकामाला पाणी मारत होतं, त्याचा आवाज येत होता.

मग तो आवाज खाली करून म्हणाला, "तुला एक सांगतो. आईला सांगू नको."

मी म्हटलं, सांग.

"दिवाळीपासून उजेडपण कळत नाही. आधी निदान दिवस आहे का रात्र, खिडकी कुठे आहे, एवढं कळायचं. आता ते पण गेलं."

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टरांना दाखवू या, असं काहीतरी म्हणाले. तो म्हणाला, दाखवून काय करायचं, त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्याला काळजी आईची होती. तिला अजून वाटतं की मला थोडंफार दिसतं, त्यावर तिचं चाललंय, असं तो म्हणाला.

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. कप त्याच्या हातात नीट दिला, पदराने हात पुसले आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. ऊन आता शेजारच्या भिंतीवरून खाटेवर आलं होतं.

"डोळ्यावर ऊन येतंय का रे?" तिने विचारलं.

दादाने गालावर हात ठेवला. ऊन कुठल्या बाजूने लागतंय ते बघितलं. मग डोळे बारीक केले, मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाला, "हो ना, जरा येतंय. खाट सरकव."

आम्ही दोघींनी मिळून खाट सावलीत ओढली.